पाच झाडांचे आकडे

दाढी करताना दत्ताराम तोडणकरांच्या हनुवटीला बारीकसं लागलं आणि त्यातून येणारं रक्त तासभर थांबेना. त्यांनी तुरटी फिरवली, कापूस दाबून धरला, पण काही उपयोग झाला नाही. कामावर जाता जाता त्यांचा डबा द्यायला मुलगी स्वरूपा आली तेव्हा ते सुरंगवाडीतल्या घराच्या पडवीत लाल झालेला पंचा हनुवटीला धरून बसले होते.

"बाबा, हे काय?"

"काय नाय गो. पातां नवीन आसा. जरा खोल गेला, इतक्याच."

ते हसले आणि स्वरूपाला त्यांच्या दातांच्या कडेलाही रक्त दिसलं. तिने त्यांना तसंच उठवून गाडीत बसवलं. बाबांनी चाळीस वर्षं खाडीत प्रवासी लाँच चालवली होती, त्यामुळे दुसऱ्याने चालवलेल्या कुठल्याही वाहनात बसलं की त्यांच्या सूचना सुरू व्हायच्या. त्या दिवशीही झाल्या. "डाव्या अंगान घे... हॉर्न दी... थंय वळणार—" आणि वाक्य तिथेच राहिलं. स्वरूपाने वळून पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि डोळे समोरच्या रस्त्यावर होते, पण ते काहीच बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता शहरातल्या इस्पितळात ते वारले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली होती आणि तेव्हापासून ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होते. रक्त किती पातळ आहे ते दर महिन्याला तपासलं जायचं. मार्चमध्ये तो आकडा अडीच होता, म्हणजे जसा हवा तसा. एप्रिलच्या त्या सकाळी तो अकरा होता.

तिसऱ्या दिवशी बाबांच्या मनगटावरून काढलेला रक्तदाब मोजणारा पट्टा टेबलावर पडला होता. तो थरथरला आणि त्याच्यावर अक्षरं उमटली: 'वापरकर्त्याने नेमून दिलेल्या मात्रेपेक्षा अधिक पानं घेतल्याची शक्यता सत्याऐंशी टक्के. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. पर्णधमनी परिवार.'

स्वरूपाने ते दोनदा वाचलं. मग ती उठून परसात गेली. चुलीजवळच्या ओल्या फडक्यात अर्धं पान गुंडाळून ठेवलेलं होतं. बाबा रक्तदाबासाठी रोज नीरफणसाचं अर्धं पान उकळायचे आणि उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे. लाँचमध्ये एक माणूस जास्त घ्यायला कधी तयार न झालेला हा माणूस पान जास्त घेणार होता? रडू केव्हाच आटलं होतं. आता तिला नुसता संताप येत होता.

पण संतापाला एक तोंड हवं असतं आणि तिच्या संतापाचं तोंड पुन्हा पुन्हा तिच्याकडेच वळत होतं. कारण स्वरूपा केळुसकर त्याच पर्णधमनी कंपनीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती.

नीरफणसाचं झाड कोकणाला नवं नव्हतं. त्याच्या फळाची रवा लावून तळलेली कापं पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात होती. पानांचा काढा रक्तदाबावर चांगला, असंही म्हातारी माणसं सांगायची. त्या सांगण्यात किती तथ्य आहे हे नीट कोणी तपासलेलं नव्हतं. ते काम पर्णधमनीच्या डॉ. मृणालिनी केळुसकर यांनी केलं. मृणालिनी ही स्वरूपाची नणंद, तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. तिने पानातलं एक द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला 'नीरिन' नाव दिलं. शरीरात एक विकर असतं, ज्याच्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात. नीरिन त्या विकराला अडवायचं, वाहिन्या सैलावायच्या आणि दाब उतरायचा. साध्या झाडात ते इतकं थोडं असायचं की टोपलीभर पानं उकळावी लागली असती. मृणालिनीने झाडाच्या जनुकांमधलं एक बटण असं बदललं की अर्ध्या पानात एका गोळीइतकं नीरिन तयार व्हायला लागलं. त्या जातीचं नाव 'सुधमनी'.

सरकारने सुधमनीची रोपं किनारपट्टीवर फुकट वाटली. परसात झाड आणि हातावर दाब मोजणारा पट्टा. झाडावरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं: 'नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे.' पाच वर्षांत जिल्ह्यातल्या पक्षाघाताच्या केसेस निम्म्यावर आल्या. लोकांनी मृणालिनीचे सत्कार केले. स्वरूपानेही त्या सत्कारांत पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

बाबांच्या बाबतीत एक अडचण होती आणि ती स्वरूपाला पहिल्यापासून ठाऊक होती. यकृतातलं एक विकर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निचरा करतं. नीरिन त्या विकराचाही वेग कमी करतं. गोळी मग शरीरात साचत जाते. म्हणून आरोग्य केंद्राच्या डॉ. नसरीन मुकादम यांनी बाबांची गोळी कमी करून दिली होती आणि दर महिन्याला रक्त तपासलं होतं. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. तेच झाड, तेच अर्धं पान, तीच गोळी. मग मार्च आणि एप्रिलच्या मध्ये काय झालं?

दहावा दिवस होऊन गेल्यावर स्वरूपाने बाबांच्या झाडाची सहा पानं तोडली आणि प्रयोगशाळेत नेली. पानातलं नीरिन मोजणाऱ्या पानमापकाच्या काचेवर आकडा आला. असायला हवा होता दहाच्या आसपास. आला चौतीस. तिने यंत्र पुसून पुन्हा पान ठेवलं. तेहतीस. मग पस्तीस.

आणि तिला हे आकडे ओळखीचे वाटले.

सहा वर्षांपूर्वीच्या चाचणीची कच्ची नोंदवही कपाटात खालच्या कप्प्यात होती. खाडीलगतच्या मळ्यात अठ्ठेचाळीस झाडं होती. दर महिन्याला प्रत्येक झाडाच्या पानातलं नीरिन मोजायचं, हे काम तिचं होतं. मे महिन्याच्या पानावर तिच्याच अक्षरात सगळे आकडे होते: नऊ, दहा, अकरा, दहा. आणि मळ्याच्या अगदी टोकाला, जिथे भरतीचं पाणी बांधातून झिरपायचं, तिथल्या पाच झाडांपुढे एकतीस, छत्तीस, तेहतीस, पस्तीस, तीस. त्या पाच ओळींवर लाल पेनाने आडवी रेघ होती. बाजूला मृणालिनीचं अक्षर: 'जमीन सदोष. वगळावे.' खाली तपासनीस म्हणून सही होती स्वरूपाची.

तिला तो दिवस आठवला. पाच वीसची बस होती आणि शेवटचं पान तिने वाचलंही नव्हतं.

झाड नीरिन माणसासाठी बनवत नाही. खारं पाणी मुळांशी आलं, ऊन तापलं, की पान करपू नये म्हणून ते असली द्रव्यं जास्त तयार करतं. मृणालिनीने बटण बदललं होतं, पण त्या बटणावरचा मिठाचा हात तिने बघितला नव्हता. खरं म्हणजे बघितला होता आणि खोडला होता. त्या सहा वर्षांत समुद्र आत सरकला होता. यंदा मार्चमध्येच सुरंगवाडीच्या विहिरी मचूळ झाल्या. किनाऱ्यावरच्या परसातलं प्रत्येक झाड आता त्या पाच झाडांसारखं झालं होतं.

खाडीकाठच्या बंगल्यात मृणालिनी आणि तिची म्हातारी आई राहायची. स्वरूपा तिथे पोचली तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. तिने नोंदवही चहाच्या टेबलावर उघडून ठेवली.

"हे काय आहे, ताई?"

मृणालिनीने चष्मा लावला, पाहिलं आणि काढून ठेवला. "तुझे वडील गेलेत. तू आत्ता काहीही बोललीस तरी मी मनावर घेणार नाही."

"मनावर घ्या! घ्याच! त्यांनी अर्ध्याच्या वर पान घेतलं नव्हतं. तुमचा पट्टा त्यांना चोर ठरवतोय. त्या अर्ध्या पानात साडेतीनपट विष होतं आणि तुम्हाला सहा वर्षं माहीत होतं!"

"अठ्ठेचाळीसमधली पाच झाडं, स्वरूपा. मला वाटलं, मातीचा दोष. कोणीही वगळली असती."

"कोणीही पुन्हा मोजली असती."

"तू का नाही मोजलीस?" मृणालिनीचा आवाज चढला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. "सही तुझी आहे. आणि आता काय करणार आहेस? चव्हाट्यावर जाऊन सांगणार, पानं टाकून द्या म्हणून? सांग. चाळीस हजार माणसं उद्या पान बंद करतील. मग परवा त्यांचा दाब उसळेल. गोळ्या आहेत कुठे? आरोग्य केंद्रात तीन वर्षं रक्तदाबाची एक गोळी आलेली नाही. झाडं आहेत म्हणून सरकारने बंद केल्या. तू बोललीस तर पाठोपाठ पक्षाघात होतील. ते कोणाच्या नावावर लिहायचे?"

स्वरूपाने वही उचलली. दारापर्यंत गेल्यावर ती वळून म्हणाली, "म्हणजे गप्प बसायचं. माणसं एकेक करून जाऊ द्यायची, कारण एकदम गेली तर दिसतील."

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही काहीच म्हटलं नाहीत, ताई. सहा वर्षं."

घरी नवरा हर्षद सौर पंपाचं काहीतरी उघडून बसला होता. ताईचा फोन त्याला आधीच आला होता. "तिने तुला शिकवलं, नोकरी दिली," तो म्हणाला. "जरा थांबून विचार कर ना."

"बाबांना थांबायला मिळालं? गाडीत वाक्य अर्धंच राहिलं त्यांचं."

तो पुन्हा पंपाकडे वळला. त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आरोग्य केंद्रात गेली. डॉ. नसरीन मुकादम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आकडे शांतपणे वाचले, मृणालिनी काय म्हणाली तेही ऐकून घेतलं आणि कोणाला तरी झोडपायला हात शिवशिवावेत तशा मुठी आवळल्या.

"तुझ्या वडिलांचं रक्त मी दर महिन्याला तपासत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं. दोन आठवडे मला जेवण गेलेलं नाही. आणि हे वहीत लिहिलेलं होतं!"

त्यांनी औषधाचं कपाट उघडून दाखवलं. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खणात नीरफणसाची माहितीपत्रकं होती. त्यांनी तिच्यासमोरच जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, झाडं दिली आहेत ना? आता गोळ्या मागायच्या तर वेगळा प्रस्ताव करावा लागेल."

"प्रस्ताव जातोय," नसरीन म्हणाल्या. "सोबत मृत्यूचा दाखलाही जोडतेय. तुमचं पूर्ण नाव काय लिहू?"

फोन ठेवून त्या स्वरूपाकडे वळल्या. "पान एकदम बंद करा म्हणायचं नाही. तुझी नणंद तेवढं बरोबर बोलली. पण रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आपल्या यादीत दोनशे बारा आहेत. त्यांचं पान आज बंद आणि उद्या रक्ताची तपासणी. त्यांच्यासाठी माझ्याकडे आणीबाणीच्या साठ्यातल्या थोड्या गोळ्या निघतील. बाकीच्यांना त्यांच्या पानात किती आहे ते कळायला हवं. दहा असेल तर अर्धं, तीस असेल तर त्याचा तिसरा हिस्सा. ते मोजणार कोण?"

"मी मोजणार."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

दोघींनी दिवसभर फोन केले. एकशे नव्वद लोक सापडले. त्यातल्या सात जणांच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत होतं आणि त्यांना ते उन्हामुळे वाटत होतं. सातही जणांना त्याच दिवशी इस्पितळात हलवलं. उरलेल्या बावीस जणांच्या घरी गावोगावच्या आशा कार्यकर्त्या गेल्या.

मंगळवारच्या आठवडी बाजारात, सुक्या मासळीच्या ओळीच्या तोंडाशी स्वरूपाने टेबल मांडलं आणि पानमापक ठेवला. मागे पुठ्ठ्यावर जुन्या नोंदवहीच्या त्या पानाची मोठी प्रत लावली. लाल रेघ, मृणालिनीचं अक्षर आणि खाली स्वतःची सही, सगळं दिसेल असं. कंपनीची नोटीस सकाळीच आली होती, गुप्त माहिती उघड केल्याबद्दल. तीही तिने शेजारी चिकटवली.

आधी कोणी येईना. मग एक म्हातारी सुंगटं विकत घेता घेता थांबली. "ही सही तुझी?"

"माझी."

"आणि तूच आता आमका शिकवतंस?"

"हो, आजी. तेव्हा मी नीट वाचलं नाही. म्हणून माझे बाबा गेले. तुमचं पान आणा."

म्हातारीने सुंगटं पिशवीत टाकली. मग घरी जाऊन पान घेऊन आली. अठ्ठावीस. तासाभरात रांग मिरचीवाल्यापर्यंत गेली. लोक चिडलेले होते. कोणी कंपनीला शिव्या देत होतं, कोणी सरकारला, कोणी तोंडावर तिला. एकाने तिच्या टेबलावर पानांची अख्खी फांदी आपटली. "निर्धोक म्हणून पाटी लावलास मां? आता खा ह्यां!" तिने फांदीवरचं एक पान तोडून मोजलं आणि आकडा सांगितला. तो ऐकून घेऊन गेला.

"बाय, कापां तरी खावची काय नको?" एका बाईने विचारलं.

"खा ना. फळात नीरिन नसल्यातच जमा आहे. आंब्यासारखंच पोटभर खा. चीक अंगाला लागून खाज येत असेल तर तेवढं जपा. प्रश्न पानाचा आहे. तेही मोजून घेतलं तर औषध आहे. न मोजता घेतलं तर काय होतं ते मागे लिहिलंय."

साडेबाराच्या सुमाराला रांगेतली कुजबूज एकदम थांबली. स्वरूपाने मान वर केली. रांगेत मृणालिनी उभी होती. तिला पुढे यायला लोकांनी वाट दिली नाही आणि तिनेही मागितली नाही. अर्धा तास ती उन्हात उभी राहिली. टेबलापाशी आली तेव्हा तिच्या हातात एक पान होतं.

"आईला सकाळपासून चक्कर येतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "दोनदा पडली. प्रयोगशाळेतलं यंत्र तू आणलंस."

स्वरूपाने पान घेतलं. सासूबाईंची तिला काळजी वाटली, तरी राग तसूभर कमी झाला नाही. तिने पान काचेवर ठेवलं आणि यंत्र वळवून मृणालिनीच्या समोर धरलं.

"वाचा."

"स्वरूपा, इथे नको."

"इतरांचे आकडे मी मोठ्याने वाचतेय. हा तुम्ही वाचा."

मृणालिनीचे ओठ हलले. मागून कोणीतरी म्हणालं, "आयकाक येत नाय!"

"एकेचाळीस," मृणालिनी म्हणाली. मग मान उचलून, पुठ्ठ्यावरच्या लाल रेघेकडे बघत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तिने पुन्हा म्हटलं, "एकेचाळीस. पान बंद करायला हवं."

"एकदम बंद करू नका," स्वरूपा म्हणाली. "आजचं टाळा. उद्यापासून अष्टमांश. आणि त्यांना आत्ताच नसरीन मॅडमकडे न्या. हर्षदला फोन करते, तो गाडी आणेल."

हर्षद आला. आईला केंद्रात पोचवून तो परत बाजारात आला, काही न बोलता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि आकडे लिहून घ्यायला लागला. सासूबाई वाचल्या.

रक्तदाबाच्या गोळ्या बाराव्या दिवशी आल्या. त्या बारा दिवसांत दोन माणसांना पक्षाघात झाला. त्यातल्या शालिनी परुळेकर बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांना अर्ध्या पानाचा तिसरा हिस्सा घ्यायला स्वरूपानेच सांगितलं होतं. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीपुढे स्वरूपाने स्वतःच्या सहीबरोबर हेही सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी. मृणालिनीने पाच ओळी आपणच खोडल्याचं लेखी दिलं. तिने कंपनी सोडली. स्वरूपाचा तंत्रज्ञ म्हणून असलेला परवाना तीन वर्षांसाठी रद्द झाला. समितीच्या अध्यक्षांनी शेवटी सौम्य आवाजात विचारलं, "आपल्याला आणखी काही म्हणायचं आहे?"

"आहे," स्वरूपा म्हणाली. "झाडं तोडायचा हुकूम निघतोय असं ऐकलं. तोडू नका, मोजा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, गावागावांत. आणि गोळ्या पुन्हा बंद करू नका. हे दोन्ही मला आज लिहून हवंय."

"तशी शिफारस आम्ही करू."

"शिफारस नको. लिहून हवंय. मी बाहेर बाकावर बसते."

ती बाहेर जाऊन बसली. शिपायाने दोनदा येऊन सांगितलं की साहेब जेवायला गेले आहेत, नंतर या. तिने मान हलवली आणि तशीच बसून राहिली. चार वाजता कागद आला. तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. दुसऱ्या पानावर 'दर पंधरा दिवसांनी' या जागी 'आवश्यकतेनुसार' असं होतं. ती उठली आणि कागद घेऊन परत आत गेली.